‘वैजूचं चालतं, मग माझं का नाही?’ – मैत्री, नाती आणि माझा गोंधळ

शेवंती (धागाकर्ती)

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहिते. नावं सगळी बदललेली आहेत, आणि जिच्याबद्दल जास्त लिहिलंय त्या वैजूला आधी विचारलंय.

वैजू माझी कोल्हापूरच्या हॉस्टेलवरची रूममेट. १९९७ ते २०००. परीक्षेच्या रात्री एका थर्मासमधला चहा आणि एका कॉटवर दोघींच्या वह्या, असे ते दिवस. आता दोघी पुण्यात आहोत. ती वारज्याला राहते, रेश्माबरोबर. दोघींना एकत्र राहून अकरा वर्षं झाली. मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं तिने. मी तिला मिठी मारली होती, आणि स्वतःला शाबासकीही दिली होती की बघा, मला काही वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाची मुंज झाली. पत्रिकांची पाकिटं मीच लिहायला बसले. कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं, नाव घालायचं, पुढचं घ्यायचं. बाकीच्यांना ‘श्री. व सौ.’ किंवा ‘सहकुटुंब सहपरिवार’. वैजूच्या पाकिटाशी पेन थांबलं. ‘सौ.’ नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी ‘कु.’ कसं लिहू? शेवटी ‘श्रीमती’ लिहिलं, पुढे तिचं एकटीचं नाव, आणि पाकीट गठ्ठ्यात सरकवलं.

वैजू सकाळी सातला हजर. मुंडावळ्या तिने बांधल्या, मातृभोजनाच्या वेळी माझ्या पदराला पिन तिने लावली, भटजींचा चहा तिने पाहिला. आत्येसासूबाईंनी विचारलं, ‘ही एकटीच असते का गं?’ तर मी म्हणाले, ‘एक रूममेट आहे तिची.’ वैजू तिथेच उभी होती, द्रोण मोजत.

पुढे पाचसहा महिन्यांनी मी सहज विचारलं, रेश्माला का नाही आणलंस मुंजीला? ती म्हणाली, ‘पाकिटावर एकटीचं नाव होतं, म्हणून एकटी आले.’ आणि जरा थांबून, ‘रूममेट तू होतीस माझी. तीन वर्षं.’ आवाज चढला नव्हता. मी त्या रात्री झोपले नाही.

हे झालं एक. आता दुसरं, ज्यामुळे खरं तर धागा काढतेय.

माझ्या नवऱ्याचा मित्र, मकरंद. त्याचं बाहेर कुणाशी तरी आहे, वर्ष झालं. बायकोला, म्हणजे प्राचीला, माहीत नाही. प्राची आणि मी दहा वर्षं एका भिशीत आहोत. मागच्या महिन्यात मकरंदने नवऱ्याला सांगितलं, ‘प्राचीने विचारलं तर शुक्रवारी रात्री मी तुमच्याकडे होतो म्हणा.’ आम्ही नाही म्हणालो. तो चिडला. म्हणाला, ‘वैजूचं चालतं तुम्हाला. सुहासचं आणि त्याच्या बायकोचं ते ओपन मॅरेज चालतं. मग माझंच का नाही? आणि आता तर कायद्यानेही तो गुन्हा राहिलेला नाही.’

मला आतून माहीत आहे की हे वेगळं आहे. पण त्याला उत्तर देताना माझी त-त-प-प झाली. सुहासचं (म्हणजे नवरा-बायको दोघांच्या संमतीने बाहेरही संबंध) मला खरं तर पटतही नाही, तरी त्यांच्याकडे मी गणपतीला जाते. मग पटणं-न पटणं ही रेघ नव्हेच. रेघ कुठे आहे? तुम्ही कुठे मारता?

---

पंचवटीकर

शेवंतीताई, पाकिटाचा किस्सा वाचून लॅपटॉप मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन आलो. मी गे आहे, मूळ नाशिकचा, मुंबईत नोकरी. अशी एकट्या नावाची पाकिटं माझ्याकडे खूप आहेत.

११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ परत आणलं. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये दिलेला दिलासा गेला. त्या दिवशी मला एकाही मित्राचा फोन आला नाही. येणार कसा, कुणाला माहीतच नव्हतं! ऑफिसात लोक त्यावर हसतखिदळत जेवत होते आणि मी डब्यातली भेंडी चिवडत होतो. ६ सप्टेंबर २०१८ ला तेच कलम सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द झालं, तोवर तिघांना माहीत होतं. त्यातला एक दुसऱ्या दिवशी सकाळची पंचवटी पकडून आला. मला भाषणबिषण काही दिलं नाही. आईने त्याच्याकडे दिलेला डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, ‘तुझ्या त्याला पण बोलाव, तिघं जेवू.’ ‘तुझ्या त्याला’ म्हणाला कारण नाव मी अजून सांगितलं नव्हतं. जेवताना त्याने स्वतःच त्याला नाव विचारलं.

बाकी मित्रांना एक कळकळीने सांगणं आहे. आम्ही तुम्हाला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं असं होत नाही. माझ्या एका मित्राने चांगल्याच मनाने शाळेच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आपल्या मित्राचा अभिमान आहे.’ त्या ग्रुपवर माझा चुलतभाऊ होता. वडिलांना माझ्या तोंडून कळायचं होतं ते असं कळलं. मित्र रडला, माफी मागितली, मी माफ केलंही. पण ते वाक्य बाबांना मी कसं सांगणार होतो, ते मी चार वर्षं मनात जुळवत होतो. ते राहूनच गेलं.

तर विचारा. ‘हे कुणाकुणाला माहीत आहे? मी कुणासमोर काय म्हणू?’ एवढं विचारलंत तरी पुष्कळ आहे.

---

खानदेशी_माय

मी जरा वेगळं लिहितेय, रागावू नका. मला या गोष्टी पटत नाहीत, वाढलेच तशी. जळगावला माझं मोठं एकत्र कुटुंब आहे. माझी एक जुनी मैत्रीण घटस्फोटानंतर एकासोबत लग्न न करता राहते. मी तिला एकदा म्हणाले की बाई, मला हे जमलं नसतं. तर तिने मला मागासलेली ठरवलं आणि बोलणं बंद केलं. मला तिच्या घरी जायचं होतं, तिच्या त्या माणसाशी बोलायचंही होतं. फक्त ‘मला पटलं’ असं खोटं म्हणवत नव्हतं. मैत्री ठेवायची तर मत बदलूनच यायला हवं का?

आणि मुलांना काय सांगायचं? माझा नातू सात वर्षांचा आहे, सगळं विचारतो.

---

शेवंती

खानदेशी_माय, रागावायचं कारणच नाही. सुहासच्या बाबतीत माझं हेच तर आहे. मी त्याला तोंडावर सांगितलंय की मला हे कळत नाही आणि पेलवणारही नाही. तो म्हणाला, तुला कुठे पेलायचंय? विषय संपला.

मुलांचं सांगते. माझ्या मुलाने विचारलं होतं, वैजूमावशी आणि रेश्मामावशी बहिणी आहेत का? मी इतकी घाबरले की गॅस बारीक करायला वळले. नवरा म्हणाला, ‘नाही रे, त्या दोघी एकमेकींच्या घरच्या आहेत. आई-बाबा कसे एकत्र राहतात, तशा.’ मुलगा म्हणाला, ‘मग त्यांच्याकडे कुत्रा का नाही?’ त्याला एवढंच पाहिजे होतं.

---

निवृत्त_गुरुजी

माझे वय ६९, मुक्काम रत्नागिरी. माझ्या अनुभवाचे दोन शब्द लिहितो.

आमच्या वडिलांच्या पेटीत ‘समाजस्वास्थ्य’चे काही अंक होते. र. धों. कर्वे यांनी ते मासिक १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरले, दंड झाला. मराठीत हे बोलणे नवे नाही हे तरुणांना कळावे म्हणून सांगितले. परंतु अंक पेटीत होते आणि पेटीला कुलूप होते, हेही तितकेच खरे.

माझा एक सहशिक्षक अविवाहित होता. अनेक वर्षांचा स्नेह. दर सुट्टीत तो एका मित्राकडे मिरजेला जाई. आम्हा सर्वांना अंदाज होता. विचारले कुणी नाही. आम्ही त्याला सभ्यता समजत होतो. तो मित्र वारला तेव्हा हा तीन दिवसांची किरकोळ रजा टाकून गेला आणि चौथ्या दिवशी वर्गावर उभा राहिला. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून वह्या तपासत होतो. मी त्याला ‘कसा आहेस’ असेही विचारले नाही. कारण विचारले तर कशाबद्दल विचारतो आहे ते उघड झाले असते. तो २०११ साली गेला.

न विचारणे ही प्रत्येक वेळी सभ्यता नसते. हे मला फार उशिरा कळले.

खानदेशी ताईंना: मत जरूर असावे. एकदा सांगावे, स्पष्ट सांगावे, आणि मग त्या घरी गेल्यावर चहा घ्यावा. दर भेटीत तेच सांगितले तर ते मत राहत नाही, तगादा होतो. आपण एकदाच म्हणालात, तर चूक आपली नाही. पुन्हा एक फोन करून पाहा.

---

कलमवाली

मी वकील आहे, कौटुंबिक प्रकरणं चालवते. मकरंदरावांनी कायदा मध्ये आणलाय म्हणून लिहिते.

२७ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ४९७ रद्द केलं. म्हणजे व्यभिचार फौजदारी गुन्हा राहिला नाही. ते कलम होतंच विचित्र. बायकोच्या प्रियकरावर नवरा केस करू शकत होता, पण नवऱ्याने तसंच केलं तर बायकोला या कलमाखाली काहीच करता येत नव्हतं. जणू बायको ही नवऱ्याची वस्तू. ते गेलं ते चांगलंच झालं. पण हिंदू विवाह कायद्यात विवाहबाह्य संबंध हे घटस्फोटाचं कारण आजही आहे. पोलीस येणार नाहीत, एवढाच त्या निकालाचा अर्थ. मित्राने आपल्यासाठी साक्ष फिरवावी असा हक्क त्यातून मिळत नाही.

लिव्ह-इनबद्दलही गैरसमज फार. सज्ञान स्त्री-पुरुषांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या बाईलाही संरक्षण आहे. उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून अशा जोडप्यांना नोंदणी सक्तीची झाली, महाराष्ट्रात तसं नाही.

आता वैजू-रेश्मांबद्दल, कारण इथे मैत्रिणीला खरोखर काही करता येतं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे अकरा वर्षं एका घरात राहूनही कायद्याने त्या एकमेकींच्या कुणी नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एवढं स्पष्ट केलं की बँकेत संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मृत्युपत्र नसेल तर पैसा आणि फ्लॅट माहेरच्या नातेवाइकांकडे जाऊ शकतो, मग ते दहा वर्षं उंबऱ्यात आलेले नसोत.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. लागतात ते दोन साक्षीदार, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार आहे ते नकोत. वैजूने केलंय का, विचारा. नसेल तर साक्षीदार म्हणून तुम्ही आणि तुमचे मिस्टर जा. माझ्याकडे अशी जोडपी येतात आणि म्हणतात, ‘मॅडम, साक्षीला कुणाला आणू? सांगावं लागेल ना त्यांना.’ नोकरीत आहेत, फ्लॅट आहे, गाडी आहे. सही करायला दोन माणसं नाहीत.

---

परतीची_वाट

मी प्राचीच्या जागेवर होते, सहा वर्षांपूर्वी. म्हणून फक्त तेवढ्यावर लिहिते.

माझ्या घरी जेवून गेलेल्या सहा जणांना माहीत होतं. सहा. मी नंतर मोजले. एका दिवाळीच्या फराळाच्या फोटोत आम्ही आठ जण आहोत. त्यातल्या मला एकटीला माहीत नव्हतं. नवऱ्याचा राग कालांतराने उतरला, त्याचं त्याच्यापाशी. पण मी विचारल्यावर जी मैत्रीण माझ्या डोळ्यांत बघून ‘अगं हो, तो आमच्याकडेच होता’ म्हणाली, तिच्याशी मी आजही बोलत नाही. त्या रात्री मी निवांत झोपले होते. तिच्या शब्दावर झोपले होते.

पुढे ती म्हणाली, आम्हाला तुमच्या मध्ये पडायचं नव्हतं. मी म्हणाले, तुम्ही मध्येच होतात.

शेवंती, रेघ विचारलीत ना? वैजूच्या सुखासाठी कुणाला फसवावं लागत नाही. सुहासच्या घरी दोघांना सगळं माहीत आहे, तुम्हाला आवडो न आवडो. मकरंदच्या सुखासाठी प्राचीला रोज फसवावं लागतं, आणि त्याला ते काम तुमच्याकडून करून हवंय. मला तरी रेघ अगदी ठळक दिसते.

---

दोन_वाटा

आम्ही सुहास आणि त्याची बायको यांच्यासारखे. पंधरा वर्षांचं लग्न, पैकी चार वर्षं दोघांच्या संमतीने खुलं. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

परतीची_वाट, तुमचं एक एक वाक्य पटलं. आमचे लोक कधीकधी मकरंदसारख्यांना आपल्यात धरतात, त्याचा मला त्रास होतो. आमच्याकडे नियम आहेत, वाद आहेत, रात्री दोन-दोन वाजेपर्यंतची बोलणी आहेत. एकदा मी म्हणाले होते की आता नको, आणि आठ महिने सगळं बंद होतं. फसवणूक सोपी असते, त्यात बोलावं लागत नाही.

मैत्रिणींबद्दल सांगायचं तर, कळल्यावर दोघींनी आपापल्या नवऱ्यांना आमच्याकडे पाठवणं थांबवलं. पूर्वी एक जण शनिवारी आमच्याकडे क्रिकेट बघायला यायचा. मला त्याच्यात काडीचाही रस नव्हता, आजही नाही. माझ्या घरात कुणी पाऊल टाकलं की तो माझ्या यादीत येतो, हे त्यांनी कसं ठरवलं? एकीला मी हे विचारलंही. ती म्हणाली, भीती वाटते गं. निदान खरं बोलली. तिच्याशी मैत्री टिकली आहे.

---

एकटी_पण_मजेत

वेगळ्या निवडीत माझीही मोजाल का? मला जोडीदारच नको आहे, बाई नको, पुरुष नको. शरीरसंबंधांची ओढ मला कधी वाटलीच नाही. वय ३८. लग्न झालेल्या मैत्रिणी ट्रिप ठरवतात तेव्हा ‘कपल्स आहेत गं, तुला बोअर होईल’ म्हणून मला वगळतात. मला कधीच बोअर होत नाही. मला खोली वेगळी लागते, एवढंच.

---

निवृत्त_गुरुजी

एकटी ताई, आपली निवड जरूर मोजतो.

शेवंतीताई, प्राचीताईंना आपण होऊन जाऊन सांगावे असे मात्र मला वाटत नाही. ते त्या दोघांचे घर आहे. खोटे बोलू नये, आणि दारात जाऊन घंटाही वाजवू नये.

---

परतीची_वाट

गुरुजी, इथे मी थोडी वेगळी. मला कुणी येऊन सांगावं असं तेव्हा वाटलं असतं की नाही, प्रामाणिकपणे सांगता येत नाही. पण आपल्या नवऱ्याने स्वतः सांगावं म्हणून त्याच्या मित्रांनी त्याच्या मागे लागावं, हे नक्की वाटलं असतं. सहा जणांपैकी एकानेही त्याला म्हटलं नव्हतं की ‘तू तिला सांग, नाहीतर आमच्याकडे येऊ नकोस.’ सगळे त्याच्याबरोबर हसत होते.

---

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण मध्ये बरंच झालं.

मकरंदला आम्ही दोघांनी घरी बोलावून सांगितलं. तुझं बाहेर आहे म्हणून तू वाईट माणूस, असा निवाडा आम्ही करत नाही. पण प्राचीने विचारलं तर आम्ही खोटं बोलणार नाही, आणि तिला तू सांगावंस. तो चहा अर्धा ठेवून उठला. तेव्हापासून फोन नाही. नवऱ्याला फार लागलंय, पंचवीस वर्षांची मैत्री आहे. रविवारची भिशी प्राचीकडे आहे. मी जाणार आहे, आणि तिथे माझ्या चेहऱ्याचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कलमवाली, तुमचं वाचून वैजूला विचारलं. मृत्युपत्र केलं नव्हतं. साक्षीदार कोण, यावरच अडलं होतं. मागच्या मंगळवारी आम्ही दोघं वारज्याला जाऊन सह्या करून आलो. रेश्माने पोहे केले होते. जेवणाच्या टेबलावर एकीकडे कागद आणि एकीकडे ओल्या खोबऱ्याची वाटी.

आणि पाकीट. पुढच्या महिन्यात आईला पंचाहत्तर पूर्ण होतात, छोटा कार्यक्रम आहे. पंचवटीकर, तुम्ही म्हणालात तसं आधी विचारलं. वैजू म्हणाली, ‘लिही दोघींची नावं, पण आईंना काय सांगशील?’ मी त्याच संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती वाती वळत होती. हात थांबले नाहीत. सगळं ऐकून म्हणाली, ‘मग मुंजीला का नाही बोलावलंस त्या मुलीला?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाकीट लिहायला बसले. वैजूचं नाव घातलं, पुढे ‘आणि रेश्मा’ लिहिलं, आणि पेन पुन्हा थांबलं. अकरा वर्षांत मला रेश्माचं आडनाव माहीत नव्हतं. एवढ्या वेळा त्या घरी जेवले, आणि कधी विचारलंच नव्हतं. फोन लावला. रेश्मानेच उचलला. आडनाव सांगितलं, आणि म्हणाली, ‘थांब, लोक नेहमी चुकतात,’ आणि एक एक अक्षर सावकाश सांगितलं. मी तसंच्या तसं लिहून घेतलं.